एकोणीस फोन

११ सप्टेंबर २०२४, गौरीपूजनाचा दिवस. घरात गौरी बसलेल्या, सोवळ्याचा स्वयंपाक, त्यामुळे आदल्या संध्याकाळपासून मी दारूला शिवले नव्हते. सकाळी अकराला निरांजन लावायला गेले तर काडी वातीपर्यंत नेता येईना. दोन काड्या विझल्या. सासूबाईंनी काडेपेटी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "उपाशीपोटी सोसत नाही गं तुला, लिंबूपाणी घे जरा." मी आत गेले. कपाटात हिवाळ्याच्या रजयांमागे बाटली होती. दोन मोठे घोट घेतले. वीस मिनिटांत थरथर थांबली आणि मी बाहेर येऊन पुरणाच्या दिव्यांनी गौरींना ओवाळलं. ओवाळताना मला जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी ४३ वर्षांची आहे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते, इंदिरानगरला राहते. घरी नवरा, नववीतला मुलगा, सासूबाई. मे २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये महाराष्ट्रात दारू घरपोच मिळायला लागली तेव्हा आम्ही दोघं शनिवारी थोडी घ्यायचो. नवऱ्याचं तिथेच राहिलं. माझं शनिवारवरून रोजवर आलं आणि २०२४ पर्यंत एक क्वार्टर पुरेनाशी झाली. रिकाम्या बाटल्या घंटागाडीत टाकायची हिंमत नव्हती, म्हणून ऑफिसच्या पिशवीतून अंबडला नेऊन टाकायचे.

त्या काळात मी रात्र रात्र मोबाइलवर शोधलं. दारू सोडलेल्या पुरुषांचे अनुभव सापडले, त्यांच्या बायकांचे सापडले. बाईने स्वतःच्या पिण्याबद्दल मराठीत लिहिलेलं मला एकही सापडलं नाही. म्हणून हे लिहितेय. यात दारू सुटण्यापेक्षा बोलायला योग्य माणूस कसा सापडला हे जास्त आहे, कारण माझा खरा वेळ तिथे गेला.

१४ सप्टेंबरच्या रात्री पावणेबाराला मी बाथरूममध्ये नळ सोडून १४४१६ ला फोन केला. ही मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन, चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं नाही. रोज किती घेता, शेवटची कधी घेतली, कधी फिट आली होती का, जीव द्यावासा वाटतो का, एवढं विचारलं. मी म्हटलं, उद्यापासून एकदम बंद करणार आहे. ती लगेच म्हणाली, "ताई, तसं एकटीने करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा." रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. निग्रहाने बंद करणं म्हणजे शूरपणा असंच मी समजत होते. व्यसनासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही वेगळी हेल्पलाइनही आहे.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग एवढंच म्हणाला, "मला माहितीये." बाकीचं तो काही महिन्यांनी बोलला.

१९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीची गर्दी ओसरल्यावर, त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडीत गेलो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे पडले नाहीत. नंबर यायला पावणेतीन तास लागले. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जा. डॉक्टरांनी एका कागदावरचे दहा प्रश्न विचारले. जागतिक आरोग्य संघटनेची ही प्रश्नावली आहे, ऑडिट म्हणतात. चाळीसपैकी गुण, वीस किंवा त्याहून जास्त आले तर अवलंबित्वाची शक्यता धरतात. माझे २७ आले. लिव्हरच्या तपासण्या तिथेच झाल्या आणि भरती व्हायचा सल्ला मिळाला.

इथे मी पैशाच्या दृष्टीने चूक केली. ओळखीचं कोणी भेटेल या भीतीने मी सरकारी रुग्णालयात भरती झाले नाही, एका खाजगी मनोरुग्णालयात गेले. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हटलं, "पेशंट तुम्ही ना? या पुढे." नवरा म्हणाला, "नाही, पेशंट ही आहे." मग त्याने भरतीचा फॉर्म सहीसाठी नवऱ्यापुढे सरकवला. आतल्या डॉक्टरांनी तो परत पाठवला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने भरती होत असेल तर सही त्याचीच लागते, आणि घरी जायचं म्हटलं तर तसं सांगायचा अधिकारही त्याचाच असतो. ती सही करताना मला बरं वाटलं. किती तरी महिन्यांनी मी स्वतःबद्दल काही ठरवत होते.

२४ ते ३० सप्टेंबर, सात दिवस. रोज व्हिटॅमिन बी१ चं इंजेक्शन आणि दर दिवशी कमी होत जाणाऱ्या गोळ्या. दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताना दिसल्या, नर्स हात धरून बसून राहिली. बिल ३८,६०० रुपये. विम्याचा क्लेम नाकारला गेला. पत्रात कोड होता एक्सक्लुजन १२. पॉलिसीचं पुस्तक काढून बघितलं तर दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनावरचे उपचार वगळणारं ते कलम आहे. त्याच २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं म्हटलंय, आणि मानसिक आजाराच्या व्याख्येत दारूशी संबंधित मानसिक स्थितीही धरलीय. त्या आधारावर तक्रार केलीय. अजून उत्तर नाही. तुम्ही भरती होण्याआधी पॉलिसीतलं हे कलम वाचून घ्या, म्हणजे पैशाची तजवीज आधी करता येईल.

डिस्चार्जच्या कागदावर शेवटची ओळ होती: समुपदेशन सुचवले. कोणाकडे, कुठे, किती दिवस, काही नाही. दारूची तलफ कमी ठेवणारी गोळी सुरू करूया असं डॉक्टर म्हणाले होते, मीच नको म्हटलं. सात दिवस झाले, शरीर मोकळं झालं, आता गोळी कशाला, असं वाटत होतं.

ओळखीतून कॉलेज रोडच्या एका काउन्सेलरचा नंबर मिळाला. ८०० रुपये, १० ऑक्टोबरला पहिली भेट. पहिल्या पंधरा मिनिटांत मला विचारलं गेलं, "वयात येणारा मुलगा असताना आई असं कसं करू शकते?" मी मान खाली घातली. मला वाटलं समुपदेशन असंच असतं, बोलणी खाल्ल्याशिवाय सुधारणा होत नाही. पहाटे उठा, जप करा, संध्याकाळी स्वतःला गुंतवून ठेवा. दुसऱ्या भेटीत मी एक गोष्ट सांगितली जी मी कोणालाच सांगितली नव्हती: मुलाला क्लासवरून आणताना मी एकदा प्यायलेली असताना गाडी चालवली होती. भेट संपल्यावर नवऱ्याला आत बोलावलं गेलं आणि माझ्यासमोर त्याला ते सांगितलं गेलं. मला विचारलंसुद्धा नाही. नंतर कळलं की शिक्षण म्हणजे सहा महिन्यांचा एक प्रमाणपत्र कोर्स. तिथे मी पुन्हा गेले नाही. कायद्याच्या २३ व्या कलमात गोपनीयतेचा हक्क आहे हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी निदान उठून उभी राहिले असते.

मग ऑनलाइन. मुंबईच्या एक बाई, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ५० मिनिटांचे २,००० रुपये. घरात एकांत नाही, म्हणून मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलायचे. माणूस चांगला होता. पण त्या इंग्रजीत बोलायच्या आणि मीही तसंच उत्तर द्यायचे, आणि इंग्रजीत मी फार व्यवस्थित बोलते. ऑफिसच्या मेलसारखं. दोन सेशनमध्ये मला एकदाही रडू आलं नाही, आणि हे चांगलं लक्षण नाही हे मलाच जाणवत होतं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज. भावाकडे तिवंध्याला गेले होते. जेवणानंतर पुरुष गच्चीवर, आम्ही बायका खाली. वहिनी भांडी आवरत होती, मी ग्लास उचलायला वर गेले आणि एकात उरलेली होती. तेवढंच. त्यापुढे नऊ दिवस.

याच नऊ दिवसांत नणंद एक पुडी घेऊन आली. बसवर, भिंतींवर जाहिराती असतात ना, पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा, त्यातली. चहात टाकायची होती. सासूबाईंनी ती टाकली नाही, माझ्या हातात दिली. हे त्यांचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की अशा काही पुड्यांमध्ये डायसल्फिराम असू शकतं. ते औषध खरं आहे, डॉक्टर देतातही, पण घेणाऱ्याला माहीत असलं पाहिजे, कारण त्यावर दारू घेतली की उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं, असं काहीही होऊ शकतं. नकळत दिलं तर जिवावर बेततं. घरच्यांनो, हे कृपा करून करू नका. माझ्या नणंदेने ते प्रेमापोटी आणलं होतं, म्हणूनच सांगतेय.

११ नोव्हेंबरच्या तिसऱ्या सेशनमध्ये मी मुंबईच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की व्यसन हे त्यांचं काम नाही, मला त्यात मुरलेलं माणूस हवं, आणि जमलं तर माझ्या भाषेत बोलणारं. मला त्यांचा राग आला नाही. ज्याला आपली हद्द कळते त्याच्यावर विश्वास बसतो. १२ तारखेला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, पुन्हा काही दिवस उतरत्या गोळ्या आणि या वेळी नाल्ट्रेक्सोन घ्यायला तयार झाले. ही गोळी दारूची मजा बोथट करते. लिव्हरची तपासणी करूनच देतात. चालू असताना अफूच्या वर्गातली वेदनाशामकं चालत नाहीत, म्हणून डेंटिस्टकडे गेलात तरी आधी सांगा. मी पाकिटात चिठ्ठीच ठेवली होती.

आणि मग मी जे येतं ते केलं. मुलाची एक कोरी फुलस्केप वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, नाव, शिक्षण, व्यसनाचं काम करतात का, मराठीत बोलतात का, संध्याकाळी सहानंतर वेळ, फी, आणि शेवटी फोनवर कसं वाटलं. चार दिवसांत एकोणीस फोन केले. जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या गेटबाहेर उभं राहून. सात जणांनी उचलला नाही की उलटून केला नाही. पाच म्हणाले, व्यसनाच्या केस घेत नाही. तिघांकडे संध्याकाळची वेळ नव्हती. दोघांनी आधी नवऱ्याशी बोलायचंय म्हटलं. उरले दोन.

फोनवर काय विचारायचं हे मला पहिल्या सहा-सात फोननंतर सुचलं. तुमचं शिक्षण काय आणि नोंदणी आहे का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे त्यांची नोंद असते, सीआरआर क्रमांक असतो आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. व्यसनावर काम करणारे सगळेच आरसीआयचे नसतात, काही समाजकार्य शिकलेले आणि व्यसनमुक्ती केंद्रात वर्षानुवर्षं काम केलेले असतात, तेही उत्तम असू शकतात. पण शिक्षण विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये, हे माझं मत. दुसरा प्रश्न: मी मध्येच प्यायले तर तुम्ही काय कराल? एकांनी उत्तर दिलं, "मग मी केस सोडतो." दुसऱ्या म्हणाल्या, "तर तुम्ही त्याच आठवड्यात या. तेव्हाच यायची जास्त गरज असते." मी त्यांच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात टिक केली. त्यांच्याकडे पहिली वेळ होती ५ डिसेंबरची.

वीस दिवस. त्यात निवडणूक. २० नोव्हेंबरचं मतदान, म्हणून १८ तारखेच्या संध्याकाळपासून ड्राय डे. माझ्यासारखीला ड्राय डे लागणार म्हटलं की आदल्या दिवशी दुकानाशी जायची सवय, पाय आपोआप वळायचे. १७ तारखेच्या रविवारी त्याऐवजी मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभेला गेले. एका शाळेचा वर्ग, लहान मुलांची बाकं, किटलीत चहा. बावीस पुरुष आणि मी. दारातूनच परत फिरणार होते, तर एक सत्तरीचे काका म्हणाले, "ताई, मंडळी आत आहेत ती सगळी आपलीच." फी नसते, शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने टाकायचं. फक्त नाव सांगायचं. मी त्या दिवशी तेही सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. स्त्रियांच्या ऑनलाइन सभा असतात हे मला तिथेच कळलं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन असतं, नवरा पुढे त्याला जायला लागला. ज्यांना निवासी उपचार हवेत अशा बायकांची अडचण जास्त आहे, बरीचशी केंद्रं फक्त पुरुषांची. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, चौकशी करणाऱ्यांनी ते लक्षात ठेवा.

५ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळी साडेसहा. अशोक स्तंभाजवळ एका स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या. थेरपिस्ट माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मी मनात म्हटलं, हिला काय कळणार संसार. तिने सुरुवातीलाच सांगितलं की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, फक्त माझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर अपवाद, आणि तोही आधी मला सांगून. मग म्हणाली, "दारूचं नंतर बोलू. रोज संध्याकाळी सहा ते आठ तुमच्या घरात काय होतं ते सांगा." मी सांगायला लागले. ऑफिसातून येणं, कुकर, सासूबाईंचं इन्सुलिन, मुलाला क्लासवरून आणणं, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी. सांगता सांगता रडले, मराठीत. फी १,००० होती. दुसऱ्या भेटीत मी विचारलं, कमी होईल का. तिने ७०० केली. विचारायला लाजू नका, बरेच जण करतात, फक्त स्वतःहून सांगत नाहीत.

तिसऱ्या भेटीत तिने विचारलं, "दारूने तुम्हाला काय दिलं?" मला तो प्रश्न अपमानासारखा लागला. चौथ्या भेटीला मी गेले नाही, मेसेजही केला नाही. तिने दुसऱ्या दिवशी एकच ओळ पाठवली: पुढच्या गुरुवारची वेळ तुमचीच ठेवली आहे. मी गेले आणि उत्तर दिलं. पहिला ग्लास म्हणजे माझ्या दिवसातली अशी पंधरा मिनिटं होती ज्यांत कोणी मला हाक मारत नव्हतं. ती म्हणाली, मग ती पंधरा मिनिटं आपल्याला दुसरीकडून आणावी लागतील. आमचं काम तिथून सुरू झालं. आज घरी आल्यावर मी पहिली पंधरा मिनिटं गच्चीवर बसते, इन्सुलिन नवरा देतो. ऐकायला एवढंसं वाटतं, पण त्यासाठी घरात तीन आठवडे धुसफूस झाली.

तिने शिकवलेलं मला सर्वांत उपयोगी पडलं ते तलफेबद्दल. तलफ वाढतच जाते असं मला वाटायचं. ती लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, तेवढा वेळ काढायचा. आणि ती आली की आधी चार गोष्टी तपासायच्या: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकलेय का. माझी दहापैकी सहा वेळा निव्वळ भूक असायची. आता पर्समध्ये शेंगदाण्याच्या चिक्क्या असतात.

पुढे नवऱ्याला एका भेटीला बोलावलं. आधी आम्ही दोघींनी काय बोलायचं आणि काय नाही ते ठरवलं होतं. तिथे तो म्हणाला, "मी रोज रात्री तिची ऑफिसची पिशवी उघडून बघायचो. बाटल्या मोजायचो आणि परत ठेवायचो. चार वर्षं." मी त्याच्याकडे बघू शकले नाही. मुलाला काय सांगायचं हेही तिथेच ठरलं. त्याला मी सांगितलं की मला आजार आहे, उपचार चालू आहेत, आणि तो तुझ्यामुळे झालेला नाही. तो म्हणाला, "मला वाटायचं माझ्या मार्कांमुळे."

१९ मार्च २०२५, रंगपंचमी. तिवंध्याची रहाड, म्हणजे रंग खेळायचा जुना हौद, उघडते, माहेर तिथलंच, लहानपणापासून मी कधी चुकवली नाही. आदल्या आठवड्यात थेरपिस्टसोबत कागदावर आखलं: निघण्याआधी पोटभर जेवायचं, गाडीची किल्ली स्वतःकडे, गच्चीवर जायचं नाही, सहाच्या आत निघायचं, जड वाटलं तर सभेतल्या काकांना फोन. काकांना फोन करावा लागला, सव्वाचारला. ते रहाडीचा रंग कोणता आहे एवढंच विचारत राहिले. पावणेसहाला मी घरी होते. केसांतला रंग चार दिवस गेला नाही.

ऑगस्ट २०२५ पर्यंतचा हिशेब, कारण मला शोधताना कोणीच आकडे दिले नव्हते. भरती ३८,६००. पहिल्या दोन भेटी १,६००. ऑनलाइन तीन, ६,०००. आत्ताच्या थेरपिस्टकडे २६ भेटी, त्यातल्या पहिल्या दोन १,००० ने आणि बाकी ७०० ने, १८,८००. मानसोपचारतज्ज्ञ नऊ वेळा, ५,४००. सहा महिन्यांच्या गोळ्या १४,४००. एकूण ८४,८००. सरकारी रुग्णालयात भरती झाले असते तर निम्म्याजवळ वाचले असते.

गोळी मे महिन्यात डॉक्टरांनी बंद केली. थेरपी चालू आहे, आता दर पंधरा दिवसांनी. वही अजून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. गेल्या महिन्यात आमच्या पॅकिंग विभागातल्या एकीने कोपऱ्यात गाठून विचारलं, "ताई, तुम्ही कुठे जाता म्हणे?" मी तिला रकाने आखून दिले आणि पहिले तीन फोन तिच्याशेजारी उभी राहून करायला लावले. तिसरा उचलला गेला.

येत्या गुरुवारी साडेसहाची वेळ आहे. पाऊस असला की अशोक स्तंभापाशी गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून पावणेसहालाच निघेन.